'हीथ रॉबिन्सन' म्हणजे कौतुक की नाक मुरडणं?

रेवाकाठ
इंग्लंडमध्ये काम करणाऱ्यांना हा शब्द नवा नाही. एखादी जुळणी वेडीवाकडी, गरजेपेक्षा जास्त गुंतागुंतीची, दोऱ्या-कप्प्या-तारा लावून कशीबशी चालवलेली दिसली की तिथला माणूस म्हणतो, "जरा हीथ रॉबिन्सन आहे." माणसाचं नाव, पण वापर सरळ विशेषणासारखा.

मी सांडपाणी शुद्धीकरणाच्या क्षेत्रात आहे. आमच्या एका साइटवर हौदातला फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीनुसार पंप चालू-बंद करणारा) बिघडला आणि नवा यायला वेळ होता. तिथल्या फिटरने जुन्या बॉलकॉकचा गोळा दांडीसकट घेतला, त्याला नायलॉनची दोरी बांधली, ती कठड्यावर बसवलेल्या कप्पीवरून नेली आणि दुसऱ्या टोकाला वजन लटकवलं. पाणी चढलं की गोळा वर, वजन खाली, आणि वजन खाली येताना एका पट्टीला दाबून लिमिट स्विच चालू करतं. पट्टी नीट दाबली जावी म्हणून वजनाला बाजूने पीव्हीसी पाइपचा तुकडा, त्यातून ते सरळ खाली यावं म्हणून. पंप वेळेवर चालू, वेळेवर बंद.

तिथला सुपरवायझर हसत म्हणाला, "हीथ रॉबिन्सन आहे, पण चालतंय." त्याच्या आवाजात कौतुक होतं. नंतर हाच शब्द आमच्या पुण्याच्या ऑफिसने अहवालात घातला: 'हीथ रॉबिन्सन पद्धतीची जोडणी, तातडीने काढावी.' फिटरला ते फार लागलं.

माझं मत असं की हा शब्द शिवीसारखा वापरणं चूक आहे. ज्याच्या नावावरून तो आला त्याच्यावरही तो अन्याय आहे. तुम्हाला काय वाटतं?

मिरजमावशी
छान विषय. हा हीथ रॉबिन्सन इंजिनिअर होता का गं? आधी ते सांग.

चक्रधर_ब
मावशी, इंजिनिअर नव्हता, चित्रकार होता. विल्यम हीथ रॉबिन्सन, जन्म १८७२, लंडन. थॉमस आणि चार्ल्स हे भाऊही चित्रकारच. याला खरं तर निसर्गचित्रं काढायची होती, पण त्यावर पोट भरेना, म्हणून पुस्तकांसाठी चित्रं काढू लागला. १९०४ साली त्याचा प्रकाशक दिवाळखोर झाला आणि मोठ्या कामाचे पैसे बुडाले. मग तो मासिकांसाठी विनोदी चित्रांकडे वळला आणि त्यातच त्याचं नाव अजरामर झालं.

त्याच्या चित्रांतली यंत्रं आठवा. ठिकठिकाणी गाठी मारून जोडलेली दोरी, लाकडी चाकं, मेणबत्तीवर तापणारी किटली, छत्री, जुना बूट. आणि हे सगळं चालवणारी टकली, चष्मेवाली, पोट सुटलेली माणसं, चेहऱ्यावर कमालीचं गांभीर्य. एकही माणूस हसत नाही. मला ते गांभीर्य सगळ्यात जास्त आवडतं.

पहिल्या महायुद्धात त्याने जर्मन सैन्याच्या नावाने अशाच अचाट शस्त्रांची चित्रं काढली आणि ती तुफान चालली. त्याच सुमारास त्याचं नाव इंग्रजीत विशेषण म्हणून रुळलं. १९४४ मध्ये तो गेला.

सेफ्टीवाला_चाकण
धाग्याच्या मूळ मुद्द्याशी मी असहमत. ताई, तुमच्या पुण्याच्या ऑफिसने योग्यच लिहिलं.

मी कारखान्यांत सुरक्षा बघतो. "चालतंय ना" हे वाक्य मी ज्या ज्या ठिकाणी ऐकलंय तिथे पुढे काहीतरी झालंय. फ्यूजच्या जागी जाड तार, इंटरलॉकला (झाकण उघडं असलं की मशीन बंद ठेवणाऱ्या स्विचला) चिकटपट्टी, गार्ड काढून ठेवलेलं मशीन. ब्रिटिश साइटवरही गॅस किंवा विजेच्या कामाला कोणी हीथ रॉबिन्सन म्हणालं तर त्याचा अर्थ 'हात लावू नका' असा असतो. शब्दात कौतुक असेल, पण अहवालात तो इशारा म्हणूनच यायला हवा. फिटरला वाईट वाटलं हे मान्य, त्याच्याशी बोला, समजावून सांगा. पण जोडणी काढाच.

कोकणकडा
चाकणसाहेब, फ्यूजच्या जागी जाड तार ही हीथ रॉबिन्सन नाही हो. त्यात गुंतागुंत कुठे आहे? ती सरळ हलगर्जी. तिथे दुसरा शब्द वापरा, आमच्याकडे भरपूर आहेत.

रेवाकाठ
@सेफ्टीवाला_चाकण, नवा फ्लोट आला तेव्हा दोरी-कप्पी काढलीच. काढण्याबद्दल वाद नाही. पण कोकणकडा म्हणतात तो फरक मला महत्त्वाचा वाटतो. हीथ रॉबिन्सनच्या चित्रात प्रत्येक दोरी पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत बोटाने मागोवा घेत जाता येते. काही लपवलेलं नसतं. आमच्या फिटरची जोडणी कोणीही लांबून बघून समजू शकत होता, कुठे अडकेल तेही दिसत होतं. फ्यूजमधली तार कव्हरच्या आत असते. धोका लपवाछपवीत जास्त.

सेफ्टीवाला_चाकण
दिसतं म्हणून सुरक्षित, हे पटत नाही. वजन तुटून खाली उभ्या माणसाच्या डोक्यात पडताना सगळ्यांना दिसतंच. पण लपलेल्या आणि उघड्या जोडणीत फरक आहे, एवढं मान्य.

बार्शीचा_बाळू
आमच्या रानात या म्हणजे हीथ रॉबिन्सन प्रत्यक्ष दाखवतो.

ज्वारी दाण्यावर आली की भोरड्या, म्हणजे दाणे खाणारी पाखरं, उतरतात. थवाच्या थवा. पूर्वी माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायची, दिवसभर ओरडून घसा बसायचा. आता माणूस मिळत नाही. आमच्या थोरल्या भावाने काय केलं, जळक्या पंख्याची मोटर रिवाइंड करून घेतली. पाती काढली. पात्यांच्या जागी साखळीचे दोन तुकडे, टोकाला नट. बाजूला तेलाचा रिकामा डबा उलटा टांगला. मोटर फिरली की नट डब्यावर. असा आवाज की शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं पण उठून बसतं. मग डबा लवकर फाटायला लागला म्हणून स्टीलची थाळी लावली. थाळीचा आवाज एकसारखा यायला लागला तर पाखरं सरावली. म्हणून मध्ये सायकलची ट्यूब कापून एका नटाला गुंडाळली, म्हणजे एक फटका मोठा, एक बारका.

अडचण एकच. लाइट गेली की थाळी गप्प. आणि भारनियमनाचं वेळापत्रक आमच्यापेक्षा भोरड्यांना जास्त पाठ.

मिरजमावशी
बाळू, ट्यूबची युक्ती फारच आवडली! भावाला सांग, मिरजेहून शाबासकी आहे. हुरड्याला बोलाव.

निळावंती
बाळूच्या भावाचं यंत्र आणि रेवाताईंच्या फिटरची जोडणी दोन्हींत एक गोष्ट समान आहे. दोन्ही टप्प्याटप्प्याने वाढलीत. डबा फाटला म्हणून थाळी, पाखरं सरावली म्हणून ट्यूब. बाहेरून बघणाऱ्याला शेवटचा अवतार विचित्र दिसतो, पण आतला प्रत्येक भाग कुठल्यातरी खऱ्या अडचणीचं उत्तर असतो.

यावरून ब्लेचली पार्कची, म्हणजे शत्रूचे सांकेतिक संदेश फोडणाऱ्या ब्रिटिश केंद्राची गोष्ट इथे यायलाच हवी. दुसऱ्या महायुद्धात जर्मन वरिष्ठ सेनापतींचे संदेश लॉरेन्झ नावाच्या यंत्राने सांकेतिक केलेले असत. ते फोडायला मॅक्स न्यूमन या गणितज्ञाच्या कल्पनेवरून १९४३ मध्ये एक यंत्र बांधलं. त्यात कागदी फितीचे दोन फेरे, एकावर पकडलेला संदेश, दुसऱ्यावर लॉरेन्झच्या चाकांचे नमुने. दोन्ही फिती कप्प्यांवरून एकाच वेळी, एकाच गतीने पळवायच्या आणि प्रकाशाच्या साहाय्याने त्यांची भोकं वाचायची. कप्प्यांच्या त्या सांगाड्याला तिथले लोक पलंग म्हणत. फिती ताणल्या जायच्या, तुटायच्या, जरा ताणली की दोघींचा मेळ गेला. तिथे काम करणाऱ्या नौदलाच्या मुलींनी यंत्राचं नाव ठेवलं 'हीथ रॉबिन्सन'. पुढच्या आवृत्त्यांना लंडनच्या दुकानांची नावं पडली, 'पीटर रॉबिन्सन' आणि 'रॉबिन्सन अँड क्लीव्हर'!

आता महत्त्वाचं. दोन फितींचा मेळ हीच मोठी डोकेदुखी आहे हे या यंत्रामुळे लख्ख दिसलं. टपाल खात्याच्या टॉमी फ्लॉवर्सने एक फीत काढूनच टाकली. चाकांचे नमुने व्हॉल्व्हच्या (जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या इलेक्ट्रॉनिक नळ्यांच्या) मंडलातून तयार करायचे आणि फीत फक्त संदेशाची ठेवायची. तेच 'कोलोसस'. सुमारे १६०० व्हॉल्व्ह, सेकंदाला ५००० अक्षरं, १९४४ च्या सुरुवातीला ब्लेचलीत कामाला लागलं. सर्वांत पहिल्या इलेक्ट्रॉनिक संगणकांत त्याची गणना होते.

म्हणून मी रेवाकाठच्या बाजूने. ओबडधोबड यंत्र आधी चाललं म्हणून पुढचं सुचलं.

सेफ्टीवाला_चाकण
निळावंती, उदाहरण उत्तम आहे आणि ते माझ्याच बाजूने जातं. फ्लॉवर्सने फीत काढली. "चालतंय" म्हणून ठेवली नाही.

निळावंती
काढली, पण आधीचं यंत्र बांधणाऱ्यांना कोणी नावं ठेवली नाहीत. रेवाताईंची तक्रार तेवढीच आहे ना?

पटवर्धन_ठाणे
अमेरिकेत यालाच रूब गोल्डबर्ग म्हणतात. तिथल्या मेरियम-वेबस्टर शब्दकोशात १९३१ सालीच ते विशेषण म्हणून आलं. माझ्या मते दोघे एकच.

चक्रधर_ब
काका, एक नाहीत. गोल्डबर्ग खरोखरचा इंजिनिअर, बर्कलीचा पदवीधर. सॅन फ्रान्सिस्को शहराच्या पाणी आणि मलनिस्सारण खात्यात काही महिने नोकरी करून ती सोडली आणि व्यंगचित्रं काढू लागला. त्याच्या चित्रात साखळी असते. अ ने ब ला ढकलायचं, ब मुळे पोपट उडणार, पोपटामुळे क. प्रत्येक टप्प्याला अक्षर. एकदा सुरू झालं की माणसाचं काम संपलं.

रॉबिन्सनच्या यंत्राला मात्र सतत माणसं लागतात. एक दोरी ओढतोय, एक शिडीवर उभा राहून झाकण धरतोय, एक पाणी ओततोय. गोल्डबर्ग साध्या कामाची थट्टा करतो. रॉबिन्सनला त्या यंत्राभोवतीच्या माणसांची माया आहे. १९३४ मध्ये लंडनच्या घरसजावटीच्या मोठ्या प्रदर्शनात त्याने हलत्या बाहुल्यांचं एक अख्खं घर उभं केलं होतं. त्यात नवरा-बायको झोपेच्या खोलीतून दोरांवरून थेट खाली नाश्त्याच्या टेबलापाशी उतरायचे.

डेन्मार्कमध्ये याच अर्थाने स्टॉर्म पी. या त्यांच्या व्यंगचित्रकाराचं नाव घेतात. तिघेही एकमेकांचे समकालीन.

पटवर्धन_ठाणे
हे माहीत नव्हतं. धन्यवाद. साखळी आणि कुटुंब हा फरक लक्षात राहील.

शिवाजीनगर_ते_साल्टलेक
पुण्याची मुलगी, कोलकात्याची सून. बंगालीत यासाठी 'खुडोर कोल' म्हणतात, म्हणजे काकाचं यंत्र. सुकुमार राय यांच्या कवितेतलं. काकाने असं यंत्र काढलंय की ते अंगाला बांधायचं आणि तोंडासमोर चमचमीत खाणं लटकत ठेवायचं. खायच्या ओढीने माणूस मैलोनमैल चालत सुटतो, खाणं तेवढंच पुढे. सुकुमार राय १९११ ते १९१३ छपाईचं तंत्र शिकायला इंग्लंडमध्ये होते. त्यांनी ही यंत्रचित्रं पाहिली असतील का, असा विचार नेहमी येतो. आमच्या घरी सासरे कुठल्याही हप्त्याच्या योजनेला 'खुडोर कोल' म्हणतात.

मीठभाकर
मग मराठीत आहेच की, द्राविडी प्राणायाम! कशाला परदेशी माणसाचं नाव.

तंजावरी
मीठभाकर, आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचं. घरात आजही मराठी बोलतो, शाळेत तमिळ शिकलो. हा शब्दप्रयोग ऐकला की दर वेळी टोचतो. सरळ नाक धरायचं सोडून हात डोक्यामागून फिरवून धरणं, आणि ते 'द्राविडी'. आमच्या शेजाऱ्यांना मी याचा अर्थ कसा सांगू? कृपया वापरताना विचार करा.

मीठभाकर
तंजावरी, मनात तसं काही नव्हतं. पण शेकडो वर्षं रुळलेला शब्द आहे, आज तो म्हणताना कोणाच्या डोक्यात द्रविड माणूस येत नाही.

तंजावरी
तुमच्या डोक्यात येत नाही. माझ्या येतो.

निळावंती
तंजावरींशी सहमत. इंग्रजीत हेच 'बायझंटाईन'चं झालंय. किचकट, कुटिल, कोणाला काही कळू न देणारा कारभार दिसला की बायझंटाईन म्हणायचं. १४५३ पर्यंत टिकलेलं साम्राज्य, तिथले लोक स्वतःला रोमनच म्हणवत. ते नाव नंतरच्या युरोपीय अभ्यासकांनी रुळवलं आणि वर विशेषणाचा कलंक. एका अख्ख्या समाजाला चिकटवलेल्या विशेषणापेक्षा ज्याने स्वतः हौसेने तशी यंत्रं रंगवली त्याचं नाव घेणं केव्हाही बरं.

सांगलीकर_अण्णा
मी सहकारी पतसंस्थेत बत्तीस वर्षं काढली. आमच्याकडे रोजची आवक-जावक आधी हस्तलिखित रजिस्टरमध्ये. त्यावरून एक्सेल. एक्सेलची प्रिंट. प्रिंटवर मॅनेजरची सही. सही केलेली प्रिंट स्कॅन. स्कॅन मुख्य शाखेला मेल. मुख्य शाखेत ती परत प्रिंट करून बघत बसायचे आणि आकडे हाताने त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये भरायचे. याला हीथ रॉबिन्सन म्हणावं का?

कोकणकडा
अण्णा, का नाही? दोरीच्या जागी कागद, एवढंच.

रेवाकाठ
अण्णा, मी नाही म्हणणार. तुमच्या त्या साखळीत कोणी जीव लावून काही केलेलं दिसत नाही. प्रत्येक पायरी कोणीतरी स्वतःची मान सोडवायला वाढवली. हीथ रॉबिन्सनच्या यंत्रामागे काम व्हावं अशी मनापासूनची तळमळ असते. पुण्याच्या ऑफिसात हल्ली आयकराच्या फॉर्मलाही हाच शब्द लावतात, तेव्हा मला तो वाया गेल्यासारखा वाटतो.

सांगलीकर_अण्णा
तुमचं म्हणणं समजलं, पण एक सांगतो. ते रजिस्टर आमच्या एका जुन्या शिपायाने सुरू केलं होतं. पूर्वी संगणक बंद पडला तेव्हा दोन दिवसांचा हिशेब गेला आणि ठेवीदार दारात उभे राहिले. तेव्हापासून तो माणूस रोज संध्याकाळी थांबून प्रत्येक नोंद हाताने उतरवायचा. कोणी सांगितलं नव्हतं. नंतर वरच्यांनी त्याच्या रजिस्टरला नियम केलं. म्हणजे सुरुवात तळमळीचीच होती.

रेवाकाठ
अण्णा, हे ऐकून बरं वाटलं. मग त्या शिपायाच्या रजिस्टरला मी तो शब्द आनंदाने देईन, पुढच्या प्रिंट-स्कॅनला नाही.

मिरजमावशी
अवांतर: गुंतागुंतीचं एवढं चाललंय तर उलट टोकाचंही सांगते. आमच्या लग्नात गुरुजींनी घटिकापात्र ठेवलं होतं. पाण्याने भरलेलं घंगाळ, त्यावर तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. वाटी भरून बुडाली की एक घटिका झाली, २४ मिनिटं. एक भोक, बाकी काही नाही. असं काही सुचणं फार अवघड.

बार्शीचा_बाळू
मावशी, भोक किती बारीक ठेवायचं हे ठरवताना किती वाट्या वाया गेल्या असतील ते कोण सांगणार. आमच्या भावाच्या आतापर्यंत तीन थाळ्या गेल्या.

पटवर्धन_ठाणे
व्याकरणाचा प्रश्न. मराठीत लिहिताना 'हीथ रॉबिन्सन जोडणी' की 'हीथरॉबिन्सनी जोडणी'? तुघलकी कारभार, कुंभकर्णी झोप या धर्तीवर ई लावावा असं वाटतं.

चक्रधर_ब
काका, भगीरथ प्रयत्न म्हणतोच की आपण, भगीरथी प्रयत्न नाही म्हणत. ई न लावता चालू दे.

लंडनची_लेक
उशिरा आले. धाग्यावर कोणीच सांगितलं नाही म्हणून सांगते, लंडनच्या पिनर भागात हीथ रॉबिन्सनचं संग्रहालय आहे, २०१६ मध्ये सुरू झालं. तो त्या भागात राहायचा. मेट्रोपॉलिटन लाइनने पिनर स्टेशन, तिथून चालत मेमोरियल पार्क. छोटंसं आहे. मूळ चित्रं जवळून बघा. छापील चित्रात कळत नाही, पण जलरंग इतके नाजूक आहेत की हा माणूस आधी निसर्गचित्रकार व्हायला निघाला होता हे लगेच पटतं. यंत्राच्या मागे ढग, टेकड्या, झाडं किती मन लावून काढलीत.

रेवाकाठ, तुमच्या मूळ प्रश्नावर: इथे मी पंधरा-वीस जणांकडून हा शब्द ऐकला असेल आणि तो बहुतेक वेळा हसूनच म्हटला जातो. पण लेखी येतो तेव्हा ते हसू गळून पडतं. म्हणून अहवालात सरळ लिहावं, 'तात्पुरती जोडणी, नवा फ्लोट बसवेपर्यंत'. तोंडी खुशाल हीथ रॉबिन्सन म्हणा.

सेफ्टीवाला_चाकण
हे मला मान्य. त्यात तारीखही घाला, कोणत्या दिवसापर्यंत तात्पुरती. आणि कोणी बांधली त्याचं नाव.

रेवाकाठ
नाव घालणार, आणि वर फोटोही जोडणार. अहवालाचा मसुदा उद्या पुण्याला पाठवते. लंडनची_लेक, पिनरला फिटरलाही घेऊन जायचा विचार आहे.

बार्शीचा_बाळू
फोटो इथे पण टाका ताई. भावाला दाखवतो. कप्पी कशी बसवली ते नीट दिसलं पाहिजे, आमच्या विहिरीवरच्या टाकीला तसलंच काहीतरी करायचं चाललंय.

सेफ्टीवाला_चाकण
बाळू, वजनाखाली कोणी उभं राहणार नाही अशा जागी बसवा. आणि दोरी नायलॉनची घ्या, सुतळी नको, भिजून आखडते.